डाव्या हाताचं पीठ

मी एक जुना खुंटा आहे, गुंजवण्यातल्या एका घरच्या जात्याचा. लांबी वीतभर. माझ्या कमरेला मुठीच्या रुंदीचा एक खळगा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा खोल. तो सगुणाबाईच्या उजव्या हाताने पडला. त्याला एकतीस वर्षं लागली.

मित्रांनो, चिमाजी सुताराने मला खैराच्या लाकडातून तासलं. सगुणाबाई रोज पहाटे नाचणी दळायची. उजवा हात दमला की डावा जोडीला यायचा; पण एकट्या डाव्या हाताने दळलेलं पीठ त्या घरात चालत नसे. सगुणाबाई प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. सून ठकुबाई बाळंत झाली, तेव्हा बाराव्या दिवशी, अंगात ताप असताना तिला जात्यावर बसवलं होतं. तेही मी पाहिलं.

मग एका दिवाळीत सगुणाबाईच्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, पण उजवं अंग लुळं पडलं.

देवीची लस टोचायला भोरहून आलेल्या नर्स सुहासिनीबाईंनी तो लुळा हात पाहिला. तो माझ्यावर ठेवला, वर डावा हात ठेवला. जातं अर्धा फेरा फिरलं.

"रोजचं काम हेच यांचं औषध," त्या गेनबाला, सगुणाबाईच्या मुलाला, म्हणाल्या. "डाव्यानं उजव्याला ओढत दळू द्या, जेवू द्या. हात नुसता पडून राहिला तर मूठ आवळेल. मग उघडणार नाही."

बाई गेल्यावर ठकुबाई पदर तोंडाला लावून हसली. "वडनार तर डावाच न्हवं? आमच्या भाकरीला शिवंल का कुनी?"

गेनबा म्हणाला, "बघू."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई सरपटत जात्याशी आली. ठकुबाईने मला उपटलं आणि आढ्यात खोचलं; दळण ती शेजारच्या जात्यावर करू लागली. तिथून मला सारं दिसे. ती सासूला घास भरवायची, अर्धा हनुवटीवर सांडायचा.

"आ करा, आत्याबाई. तुमी मला जात्यावर बसवलं, म्या तुमाला कोपऱ्यात बसवलं."

"गेनू, माजा खुंटा दे रं," सगुणाबाई म्हणायची. "बसून बसून दगूड झाले म्या."

"बघू, आये."

संक्रांतीला तिची करंगळी वळली. शिमग्यापर्यंत अंगठा आत गेला. मलाही आढ्यात भुंगा लागला. मित्रांनो, कुणाच्या हातचं काम काढून घ्याल, तर त्याला आराम दिला असं म्हणू नका.

पाडव्याला ठकुबाई तापाने पडली. घरात चिमूटभर पीठ नव्हतं. गेनबाने मला आढ्यातून काढलं, जात्यात ठोकलं आणि आईला उचलून माझ्यासमोर बसवलं. तो तिची मूठ उघडू लागला. एकेक बोट ओढलं. ती किंचाळली. नखं तळव्यात रुतली होती. ज्या मुठीने माझ्यात खळगा पाडला, तिच्यात मी आता मावत नव्हतो.

"आता का?" अंथरुणातून ठकुबाई म्हणाली. "आता पोटाला भाकर पायजे म्हनून?"

 गेनबाने आईचा डावा हात धरला आणि माझ्यावर ठेवला.

"दळ आये," तो म्हणाला. "डाव्यानं दळ. म्या खाईन."