टेबलावरचं कुलूप

खट्.

आयुष्यात मी ऐकलेला हा पहिला आवाज, आणि तो माझाच होता. थोरल्यांनी माझी कडी पहिल्यांदा दाबून बसवली, मला कानाशी धरलं आणि स्वतःशीच म्हणाले, "बोललं बघ." तेव्हापासून मी बोलतोच आहे म्हणायचं. ऐकणारा आज भेटला.

मी एक कुलूप. अंग पितळेचं, आकार तळहाताएवढा, वजन मात्र भारी. थोरले म्हणजे या शहरातल्या कुलूप कारागीर संघाचे पहिले अध्यक्ष. त्यांनी माझी किल्ली केलीच नाही, कारण मला कुठल्या दारासाठी घडवलंच नव्हतं. ज्याला संघात यायचं असेल त्याने दोन तारा घ्यायच्या, सगळ्या सभासदांसमोर बसायचं आणि पाव तासात मला उघडायचं. उघडलं तर कार्ड. नाही उघडलं तर आलेल्या वाटेने घरी. "कुलूप कोणाचं तोंड बघत नाही," असं थोरले म्हणायचे. ते वाक्य पाटीवर रंगवून माझ्या टेबलामागे लावलेलं आहे.

खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार अभिमान होता. दारावरची कुलपं ऊन खातात, पावसात गंजतात, घरातल्या भांडणात लाथाही खातात. मी आपला हिरव्या कापडावर. वर्षातून एक-दोनदा काम, बाकी वेळ पुसूनबिसून ठेवलेला. पन्नासहून जास्त वर्षं झाली, मी कुठेही लटकलो म्हणून नाही. हे तेवढं लक्षात ठेवा.

माझ्या पोटात चार पात्या आहेत आणि एक चाप. पात्या कोणालाही समजतात. चाप समजत नाही. तारा घालायच्या आधी अंगठ्याने कडी आत दाबली तरच तो बाजूला होतो. नाही दाबली, तर चारही पात्या उचलून धरा, मी ढिम्म हलत नाही.

थोरल्यांनी हे आपल्या मुलाला सांगितलं. मुलाने मेव्हण्याला सांगितलं. मग एक रीतच पडून गेली. ज्याच्या मुलाची परीक्षा असे, तो आठवडाभर आधी सेक्रेटरीला म्हणे, "कुलूप कोरडं पडलंय वाटतं. घरी नेतो, तेल घालतो." सेक्रेटरी काही न विचारता मला रुमालात बांधून देई. मला इतकं तेल मिळालं की माझं पोट कधी कोरडं पडलंच नाही. परत आलो की त्या घरचा मुलगा मला दोन मिनिटांत उघडे आणि सगळे टाळ्या वाजवून म्हणत, "रक्तात असतं!"

वाईट याचं वाटतं, की हळूहळू त्यांना ते खरंच वाटायला लागलं.

असे एक्केचाळीस सभासद झाले. घरं सहा. बाहेरचे पुष्कळ आले आणि घाम पुसत गेले. एक बहिरा कारागीर आला होता, तो नुसत्या बोटांनी माझ्या अगदी जवळ पोचला होता. त्याची बोटं मला अजून आठवतात. पण त्याला कोणी मला तेल घालायला दिलं नव्हतं.

यंदा वरच्या मंडळाचं पत्र आलं. सेक्रेटरीने ते उभं राहून वाचलं. त्याला सगळे चष्मा म्हणतात.

"शाखेत सहाच कुटुंबांतले सभासद असून त्यांत एकही स्त्री नाही, फुटपाथवर बसणारा कारागीर नाही, बाहेरगावाहून आलेला नाही. सभासदांत विविधता आणावी. महिनाअखेर तपासनीस येतील. सुधारणा न दिसल्यास शाखेचा शिक्का परत घेण्यात येईल."

"विविधता?" मागून एक जण म्हणाला. "आहे की आपल्याकडे! मी जाडा, हा काटकुळा. चष्म्याला दिसत नाही आणि तुला ऐकू येत नाही."

"हसू नका," अध्यक्ष म्हणाले. हे अध्यक्ष थोरल्यांचे नातू. "शिक्का गेला तर कार्डावर काय उमटवणार, अंगठा? माझ्या भाच्याचं कार्ड व्हायचंय या महिन्यात."

"मग बसवा एखादीला परीक्षेला," चष्मा म्हणाला. "विविधता आणा म्हटलंय. पास करा असं कुठे लिहिलंय?"

तशी ती आली. दवाखान्याच्या भिंतीशी लाकडी पेटी मांडून किल्ल्या करणारी. सगळे तिला किल्लीवाली म्हणत. तिला कार्ड हवं होतं, कारण पुढच्या एक तारखेपासून कार्ड नसेल त्याला त्या भिंतीशी बसू देणार नव्हते. बावीस वर्षांची तिची जागा होती ती. घर त्या पेटीवरच चालत होतं.

"कोणाकडे शिकलीस?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत्याकडे."

"आत्याबाईला मिशा असत्या तर..." मागच्या खुर्चीवरून कोणीतरी सुरुवात केली, आणि पुढचं सगळ्यांनी मिळून पुरं केलं. खोली हसून हसून दमली. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने तारा उचलल्या आणि मला कानाशी धरलं. थोरल्यांनंतर मला कानाशी कोणी धरलं नव्हतं.

"पंखा मोठा करा रे, उकडतंय," एक जण ओरडला.

"बंद करता का जरा? ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"का? दवाखान्यापाशी गाड्या बंद करून देतात वाटतं तुला?"

पंखा घरघरत राहिला. कोणी खोकत होतं, कोणी मुद्दाम खुर्ची सरकवत होतं. तिने एकेक पाती उचलली. हळू, झोपलेल्या लेकराचा हात बाजूला करावा तशी. आणि मी काय केलं? मीही त्या खोलीतलाच. बाहेरची बाई, रस्त्यावरच्या धुळीचे हात. मी चाप घट्ट धरून बसलो. कुलपाला मन नसतं म्हणतात, पण मला त्या दिवशीची लाज वाटते ती कुठे वाटते मग?

"याच्या पोटात अजून एक कोणीतरी आहे," ती पुटपुटली. तेवढ्यात चष्म्याने टेबलावर थाप मारली. पाव तास संपला होता.

"पुढच्या वर्षी ये," अध्यक्ष म्हणाले.

"पुढच्या वर्षीपर्यंत बसू कुठे?"

"ते आम्ही कसं सांगणार, बाई? कुलूप कोणाचं तोंड बघत नाही."

तिच्या पाठोपाठ अध्यक्षांचा भाचा बसला. तिशीचा गडी, स्वतःचं दुकान असलेला. त्याने मला सव्वा मिनिटात उघडलं. टाळ्या झाल्या. ती दाराशीच थांबली होती.

"अंगठा," ती म्हणाली.

टाळ्या बंद पडल्या.

"तारेच्या आधी त्याचा अंगठा कडीवर गेला. का रे दादा, तुला कोणी सांगितलं?"

भाच्याने मामाकडे बघितलं. मामाने पाटीकडे बघितलं.

"रक्तात असतं," चष्मा म्हणाला. "तुला नाही कळायचं ते. चल, निघ आता. दार ओढून घे."

तिने दार ओढून घेतलं. अगदी हलक्या हाताने.

ती गेल्यावर अध्यक्षांनी आतून खिट्टी लावली. मग चष्मा म्हणाला, "तपासनीस विचारतील. बाई नापास, भाचा पास. आणि ती बाहेर अंगठा-अंगठा करत सुटली तर?" त्याने तिचा अर्ज पुढे ओढला आणि खाली लिहिलं, 'अर्जदार परीक्षेस आली नाही.' मी त्याच टेबलावर होतो. लेखणीचा आवाज मला नीट ऐकू आला. अध्यक्षांनी खाली सही केली.

पण त्यांना चैन पडेना. तिला चाप कळला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षांनी मला खोललं, चाप कानशीने घासला आणि त्याची स्प्रिंग बदलली. आता कडी दाबायची नाही, ओढायची. टेबलावर आडवा ठेवून मला चार वेळा उघडून बघितलं. चारही वेळा उघडलो. खूश झाले. मग संघाचा शिक्का, सभासदांचं रजिस्टर आणि तिचा अर्ज लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाच्या कोयंड्यात मला अडकवलं. खट्.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी लटकलो. काय सांगू, छाती भरून आली. आपण कुलूप आहोत असं तेव्हा कुठे वाटलं.

आणि त्याच क्षणी पोटातला चाप स्वतःच्या वजनाने खाली घसरला आणि पात्यांमध्ये अडकून बसला. नवी स्प्रिंग कमजोर होती. आडव्या कुलपात ते कळलं नव्हतं. संघाचा अध्यक्ष, तिसऱ्या पिढीचा कारागीर, आणि कुलूप लटकतं हेच विसरला.

महिनाअखेर तपासनीस आले. पाय सुजलेला, कंटाळलेला माणूस. आल्या आल्या म्हणाले, "शिक्का आणि रजिस्टर दाखवा. दुपारची गाडी गाठायचीय."

अध्यक्षांनी तारा घातल्या. मग भाच्याने. मग एकामागून एक सगळ्यांनी. सहा घरांच्या सहा तऱ्हा झाल्या. कोणी दाबलं, कोणी ओढलं, कोणी नुसतीच शिवी दिली. तपासनीस खुर्चीत पाय लांब करून बघत होते.

"कुलूपवाल्यांचाच संघ ना हा?" त्यांनी विचारलं.

"कापून काढतो, साहेब," भाचा म्हणाला.

"थोरल्यांचं कुलूप आहे ते!" अध्यक्ष ओरडले.

"बाहेर कोणी नाही का हे जमणारं?" तपासनीसांनी विचारलं.

शेवटी चष्माच खाली मान घालून म्हणाला, "आहे एक. दवाखान्याच्या भिंतीशी."

ती आली. "या ताई, बसा ताई, चहा घेणार?" परवाचीच माणसं, परवाचीच तोंडं. तिने पेटी खाली ठेवली, मला बघितलं आणि म्हणाली, "पंखा बंद करा."

भाच्याने धावत जाऊन केला.

"आता सगळे भिंतीकडे तोंड करा."

"हे काय आता?" चष्मा म्हणाला.

"तुम्ही अंगठा लपवता, मी हात लपवते."

तपासनीस पहिल्यांदा हसले. "करा हो तोंडं तिकडे, मला गाडी आहे," म्हणाले आणि स्वतःही वळले. एक्केचाळीस उस्ताद आणि एक भाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत धडा न आलेल्या मुलांसारखे.

तिने कडी ओढली नाही, दाबली नाही. बावीस वर्षं लोकांच्या दारांवर लटकलेली कुलपं उघडली होती तिने. मला तळहातावर घेऊन उलटं वर उचललं, रुसलेल्या पोराची हनुवटी उचलावी तसं, आणि बोटाने एकदा टिचकी मारली. चाप आपोआप मागे पडला. या वेळी मीही काही धरून ठेवलं नाही.

"झालं."

सगळे वळले. कपाट उघडं होतं आणि वरच तिचा अर्ज. तिने तो घेतला, ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"मी आले नव्हते?" तिने विचारलं.

"चुकून लिहिलं गेलं, ताई," अध्यक्ष घाईने म्हणाले. "कार्ड आत्ता देतो. इथल्या इथे. फक्त एवढं लिहून द्या, की त्या दिवशी आजारी होते, म्हणून आज परीक्षा दिली. म्हणजे कागद सरळ होतो."

"द्या हो लिहून," तपासनीस घड्याळ बघत म्हणाले. "तुमचं काम होईल. मलाही यादीत एक बाईचं नाव हवंच आहे."

चष्म्याने पेन पुढे केलं. भाच्याचं कोरं कार्ड टेबलावर शिक्क्याची वाट बघत होतं. एक तारीख परवावर आली होती. तिचे डोळे त्या पेनावर बराच वेळ होते. तिची ती भिंत मला दिसत होती, मी कधी न पाहिलेली.

इथे मला तुम्हाला काही सांगायचंय, वाचकहो. मी अजून त्याच कपाटाला लटकून आहे. शिक्का माझ्यामागे आहे, आणि त्यांचा सहा घरांचा संघ माझ्याबाहेर. तिला जसं ठेवलं होतं तसा. मला कसं उघडायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. कृपा करून त्यांना सांगू नका. आधी त्यांना तो कागद खोटा होता म्हणू दे. 'ती आली होती' असं दुसऱ्या कागदावर लिहू दे, त्याच सहीने. मग तिलाच बोलवा. मी टिचकीची वाट बघेन. आम्हां कुलपांना वाट बघायचीच सवय असते.

तर, तिने पेन घेतलं नाही. अर्ज होता तसा कपाटात ठेवला, शिक्क्यावर. कपाटाचं दार लावलं. मला कोयंड्यात अडकवलं आणि कडी दाबली.

खट्.

"अहो ताई... अहो, उघडा ना..." अध्यक्ष म्हणाले.

तिने आपली पेटी उचलली, खांद्यावर घेतली. दारातल्या माणसांनी वाट करून दिली. पायऱ्यांवर तिची पावलं वाजत गेली, एकेक करून, आणि मग वाजायची थांबली.