ठमीचा नेम

"मावशी, ही बंदूक नाय, काठी हाय काठी!" नेमबाजीच्या वर्गातल्या विनेशने हसत मनालीची एअर रायफल टेबलावर ठेवली. त्याच्या स्वतःच्या बंदुकीला घोडा नवा, दस्ता नवा, नेम धरायची माशीसुद्धा परदेशी. दुकानातून आणलेली मूळची बंदूक तिच्यात कितीशी उरली होती, देव जाणे!

ठमीच्या डोक्यात तिडीक गेली. थळची ही कोळीण अलिबागच्या बाजारात मासळी विकायची आणि पाटी रिकामी झाली की लेकीला, मनालीला, न्यायला वर्गावर यायची.

"गो मनू, आपन पन बदलू सगलं. माजी सोन्याच्या पुतल्यांची माळ मोडू, तिचं काय लोणचं घालायचंय?"

"नको गो आये. साधी हाय, पण बरी हाय बंदूक. मी नेम धरलाय. यंदा राज्याच्या स्पर्धेला जायाचंच!"

नेम! ठमीला नेम ठाऊक तो देवापुढे धरायचा. पोर नेम धरते आणि आईने खुशाल जेवावं? त्याच संध्याकाळी एकवीरा आईला हात जोडून तिने मासळी सोडली. आता कोळणीने मासळी सोडायची म्हणजे हद्दच झाली! घरात सुरमई तळली जायची आणि ही बाई वरणभात गिळायची. कधी कधी तिला अक्षरशः रडू यायचं. शेजारणींना वाटलं, ठमीला काहीतरी दुखणं लागलं. लेकीलाही तिने पित्ताचं निमित्त सांगितलं; खरं काय ते एका शेजारणीलाच ठाऊक.

एकदा शिकवणाऱ्या हरेश्वर सरांनी दोघांच्या बंदुका बदलून दिल्या. विनेशने त्या 'काठी'ने नेहमीसारखेच गुण काढले. मनालीचे छर्रे मात्र भारी बंदुकीतूनही खालीच गेले.

"घोडा हलका केलास तर एखादा गुण वाढेलही," सर मनालीला म्हणाले, "पण शेवटी शेवटी तुझा खांदा पडतो. तो कुठल्या दुकानात मिळणार?"

विनेश ओशाळला. मनाली मात्र पेटून उठली. रोज पहाटे भिंतीसमोर रिकामी बंदूक धरून हात थरथरेपर्यंत उभी राहू लागली.

राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होती, त्या दिवशी सगळं छान चाललं होतं. शेवटचा छर्रा तेवढा खाली गेला आणि एका गुणाने तिची जागा हुकली.

"घोडा बदलला असतास तर..." विनेश हळूच म्हणाला.

"घोडा नाय रे. माझा खांदा पडला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

त्या दिवशी त्या शेजारणीने मनालीला आईने मासळी सोडल्याची गोष्ट सांगितली. मनालीने स्वतः बांगडे तळले आणि दोघींची ताटं वाढली.

"खा आये. संपली स्पर्धा. आणि अगो येडे, देवाचा नेम नव्हता तो, बंदुकीचा होता!"

ठमी बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं की मनालीही रडता रडता हसायला लागली.

"पुढल्या साली परत हाय ना गो ती स्पर्धा?" ठमीने डोळे पुसत विचारलं.

"हाय."

"जाणार?"

"जाणार."

ठमीने बांगडा लेकीच्या ताटात सरकवला आणि स्वतःच्या भातावर वरण ओतून घेतलं.