येथे वाहने लावू नयेत

स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा पृथ्वीवर पुन्हा फुली आली — वाटाण्याएवढी पृथ्वी, आणि तिच्यावर मास्तरांनी चुकलेल्या गणितावर मारावी तशी फुली — सकाळपासूनची सातवी. दर नऊ मिनिटांनी लॅपटॉप ऑफिसचं नेटवर्क सोडतो, अर्धं मिनिट कुठेतरी जाऊन येतो आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कामाला लागतो. इतकी नियमित दांडी लॅपटॉपच्या मालकालाही नोकरीत कधी जमली नव्हती.

नेटवर्क बघणाऱ्या माणसाला ऑफिसात सगळे डॉक्टर म्हणत, कारण यंत्राला हात लावण्याआधी तो मालकाला तपासायचा.

"कधीपासून होतंय?"

"घर बदललं तेव्हापासून."

"पडलाबिडला होता?"

"मी की लॅपटॉप?"

डॉक्टर हसला नाही. त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला, शेजारच्या टेबलावर नेऊन बघितला, मग एक लांबलचक यादी उघडली. "सगळी जुनी नेटवर्कं सांभाळून ठेवलीत की. हॉटेलं, विमानतळ... आणि हे काय? 'येथे वाहने लावू नयेत'?"

"ताईच्या घरचं."

नाव भावजींनी ठेवलेलं. फाटकावरच्या पाटीला कुणी जुमानत नाही म्हणून त्यांनी ती हवेतही लावली. मग शेजारी फुकट नेट वापरतात या संशयाने नेटवर्कच लपवून टाकलं. कुणालाच न दिसणारी पाटी. भावजींना ते फार सुरक्षित वाटायचं.

"हाच आजार," डॉक्टर म्हणाला. "लपवलेलं नेटवर्क आपणहून दिसत नाही. मग लॅपटॉप जाईल तिथे त्याला नावाने हाका मारतो, आहेस का, आहेस का... त्या नादात हातातलं सोडतो. ही सगळी निवडा आणि 'विसरा' दाबा. मी वर जाऊन येतो."

आहेस का... म्हणजे वर्षभर, हॉटेलांत, विमानतळावर, बैठकीत साहेबांच्या नाकासमोर, हे यंत्र ताईच्या मागच्या खोलीला हाका मारत होतं — त्याच खोलीला, जिथे तो तीन वर्षं राहिला, जिथे त्याची मीटिंग चालू असली की ताई मिक्सर लावायची नाही आणि भावजींना शिंकायला गच्चीत पाठवायची. आणि सात महिन्यांपूर्वी तिचा फोन आला तेव्हा — "उद्या माझा रिपोर्ट आणायचाय, हे बाहेरगावी आहेत. येतोस का रे? एकटीला उघडायची भीती वाटते." उद्या त्याला साहेबांपुढे तक्ते मांडायचे होते. "ताई, आवाज तुटतोय," तो म्हणाला. आवाज मुळीच तुटत नव्हता. तिच्यामागे नळ चालू होता, तोसुद्धा स्पष्ट ऐकू येत होता. "हॅलो? हॅलो?" मी म्हणालो — मीच, दुसरं कोण — आणि खरं वाटावं म्हणून फोन तोंडापासून लांब धरला. तर तिने नळ बंद केला. मला नीट ऐकू यावं म्हणून. "आता येतंय का?" तिने विचारलं, त्या एवढ्या शांततेत... आणि मी फोन ठेवला.

रिपोर्ट चांगला आला. भावजींनी कळवलं. वाईट आला असता तर धावत गेलो असतो, पाय धरले असते. चांगल्या रिपोर्टनंतर कुठल्या तोंडाने फोन करायचा ते सुचेना, आणि न सुचण्यात सात महिने गेले. तक्त्यांबद्दल म्हणाल, तर साहेब तिसऱ्याच तक्त्याला डुलक्या काढत होते.

तो विमानतळ विसरला. हॉटेलं विसरला, एकेक करून. शेवटी यादीत ऑफिस उरलं आणि ती पाटी. बोट 'विसरा'वर टेकलं... आणि उचललं गेलं.

"काढलीत सगळी?" डॉक्टरने दारातूनच विचारलं.

"हो."

"मग आता तुटायचं नाही. तुटलं तर सांगा."

तो मान हलवून बसून राहिला. पृथ्वी स्वच्छ होती. समोर ऑफिसचं अर्धवट पत्र होतं, ते तसंच ठेवलं. सात मिनिटं. आठ. मी हात मांडीवर घेतले आणि फुलीची वाट बघत राहिलो.