मोटरा बंद, तरी रीस्टार्ट

रिठदच्या ऑनलाइन सेंटरमध्ये वच्छलाचा नर्सभरतीचा फॉर्म तिसऱ्यांदा अर्ध्यावर उडाला. कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होत होता आणि फॉर्मची मुदत आज पाचला संपत होती.

"वावरातल्या मोटरा लागल्या का व्होल्टेज पडते," असं म्हणून सोबत आलेले तिचे वडील ग्यानबा यांनी शेतावर फोन करून स्वतःची आणि बांधाला लागून असलेल्या दोन्ही धुरेकऱ्यांची मोटर बंद करायला लावली. तरी कॉम्प्युटर पुन्हा उडाला.

"व्हायरस हाय, फॉरमॅट मार," शेजारचा मोबाइलवाला पवन म्हणाला.

"कायचा व्हायरस? आता तं विंडोज सुरू व्हायच्या आधीच बंद पडून राह्यला थो," सेंटर चालवणारी स्नेहा म्हणाली. मोटरा बंद होत्या, पंखा एका लयीत फिरत होता. म्हणजे लाइनही ठीक होती. "याच्या आतला पॉवर सप्लायचा डबा गेला. लोड आला का दम सोडते."

तिने प्लग काढला आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय सोडवून यात बसवला. साडेचारला फॉर्म जमा झाला. वच्छलाने पावती दोनदा वाचली.

"काका, लावा आता मोटरा," स्नेहा म्हणाली. "हरभऱ्याले कायले तहानलेलं ठेवता?"