एकोणसाठ इंच

“माप मी बरोबर दिलं होतं, मावशी. कोट सैल झाला असेल, तर चूक शिवणाऱ्याची.”

“तू देल्लं तसंच शिवलं मी. धाग्याचाबी फरक नाई. मंग सैल कसा झाला, तूच सांग.”

“मी काय सांगू? लोकल टेलरिंगमध्ये होतं असं.”

“लोकल काहून म्हनतं? नाव हाय मले. सत्यशीला.”

यवतमाळच्या चित्रपट महोत्सवाची दुपारची पार्टी होती. लॉनवर पांढरा मांडव, जेवणाची टेबलं, हातात ताटल्या घेऊन उभी असलेली सिनेमावाली माणसं. त्यांच्या मधोमध ही दोघं भांडत होती. मंदार हा सिनेमाचा वेशभूषाकार, मुंबईचा. सत्यशीलाबाई पुसदच्या, शिवणारी बाई, वय सदुसष्ट. आणि तिच्या गळ्यात लोंबत होते ती मी. शिंप्याची टेप. मीच बोलतेय.

कोट सैल का झाला, हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. पण टेपेला तोंड नसतं, आकडे असतात. म्हणून भांडण घडीभर बाजूला ठेवते आणि मी कोण ते सांगते. त्याशिवाय निकाल लागायचा नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. मेणकापडाची पिवळी पट्टी, साठ इंच, दोन्ही टोकांना पितळी पत्र्या. उमरखेडच्या बाजारातल्या धावजी मास्तरनं मला घेतलं. हात चांगला होता त्याचा, पण नजर रस्त्यावर असायची. एकदा पोलक्याचं कापड बेतताना कापडाबरोबर मलाही कात्री लागली. पितळी पत्रीसकट माझा पहिला इंच कचकन तुटून खाली पडला. मास्तरनं शिवी हासडली आणि मला चिंध्यांच्या ढिगात भिरकावलं. स्वतः कापतात आणि वर दुसऱ्यालाच तुटकं म्हणतात! माणसांची ही खोड मी तेव्हाच ओळखली.

त्या दुकानात सत्यशीला काज-बटन आणि तुरपाई करायची. तेव्हा ऐन पंचविशीतली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी ढीग झाडताना मी तिच्या हाताला लागले.

“मास्तर, हे टेप नेऊ का?”

“तुटकी हाय ते. काय करशीन?”

“एक गेला तं काय झालं? एकोनसाठ हायेत अजून.”

त्या दिवसापासून मी तिच्या गळ्यात आहे.

तिला कोणी शिकवलं नाही. लोकांचे विटके कपडे मागून आणायची, एकेक टाका उसवायची, शिवलं कसं ते बघायची आणि पुन्हा शिवायची. आकडे तिनं माझ्यावरून गिरवले. एक हा आकडाच माझ्यावर नव्हता, म्हणून तिची उजळणी दोनपासून सुरू व्हायची. अक्षरं शिकली कपडे गुंडाळून आलेल्या रद्दी पेपरांवरून. आता दुकानावर बसून अख्खा पेपर वाचते आणि संपादकाच्या चुका काढते.

माझ्या तुटण्याचा हिशेब सोपा आहे, ध्यानात ठेवा. माझं टोक शून्यावर नाही, एकावर आहे. मी अठरा दाखवले, तर खरं माप सतरा. म्हणून प्रत्येक माप घेताना सत्यशीलाबाई माझ्या टोकावर नखानं टिचकी मारते, “एक गेला” असं पुटपुटते आणि एक कमी करून लिहिते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई मंत्र म्हणते. चाळीस वर्षांत ही टिचकी एकदाही चुकलेली नाही.

मापं घेता घेता मी माणसं ओळखायला शिकले. पुरुष छाती मोजताना श्वास ओढून धरतात, बाया कंबर मोजताना. लहान पोरं काखेत टेप लागली की खुदखुदतात. म्हाताऱ्या म्हणतात, सैल ठेवजो बाई, धुतल्यावर आटते. खरं माप द्यायला कोणीच राजी नसतं.

पुसद-उमरखेडकडच्या बॅण्डवाल्यांचे लाल कोट बरीच वर्षं सत्यशीलाबाईच शिवते. म्हणूनच आभा तिच्या दारात आली. आभा यवतमाळच्या वकिलाची मुलगी, सिनेमा काढणारी. तिचा सिनेमा बॅण्डवाल्यांवर होता, चित्रण झरी जामणीकडच्या एका गावात. पंधरा कोट हवे होते. चौदा वाजवणाऱ्यांचे आणि एक बॅण्डमास्तरचा.

वाजवणाऱ्यांची कामं करणारे चौदा जण त्याच गावचे. जंगलात कामाला जाणारी माणसं, अंगाला कोट कधी लागलेला नाही. सत्यशीलाबाईनं एकेकाला समोर उभं केलं. टिचकी, एक गेला, पुढचा. कोट अंगात गेले तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारा कितीतरी वेळ हात खालीच सोडेना. कोटाला सुरकुती पडेल म्हणून! असं उभं राहणं मी आजवर बघितलं नव्हतं. एवढ्या शिवणीनं माणूस एवढा ताठ होतो?

बॅण्डमास्तर झाला होता आयुष, मुंबईचा नट. त्याला हात लावायचा मान मंदारचा. पण मंदारची टेप मुंबईतच राहिली होती आणि ते कबूल करायची त्याला लाज वाटली. सत्यशीलाबाई जेवायला गेली होती. मी मशीनवर पडले होते. त्यानं मला उचललं, टोकापासून धरलं आणि आयुषचा खांदा, पाठ, छाती, बाही, सगळं मोजलं. मी आकडे दाखवत होते आणि आतल्या आत ओरडत होते, “अरे, टिचकी मार! एक गेला म्हण!” तो कशाला म्हणतो? झरझर कागदावर लिहिलं आणि मला होते तिथे टाकून निघून गेला.

कोट सैल झाला. सत्यशीलाबाई म्हणाली, पुन्हा माप घ्या. मंदार म्हणाला, कागदावर आहे तेच बरोबर, उद्या चित्रण आहे. कोट तसाच सिनेमात गेला. बाई मात्र वर्षभर कुढत राहिली. कधी कापड आटवून बघायची, कधी तोच कागद काढून वाचायची. “माह्याच हातानं कसं झालं असन?” असं मशीनला विचारायची. मला विचारायला हवं होतं.

मग महोत्सवाचं बोलावणं आलं. आभानं तिच्या नावाचा पास काढला होता. गळ्यात अडकवायची निळी पट्टी आणि त्यावर चकचकीत कार्ड. तीन दिवस ही सवत माझ्या शेजारी लोंबत होती. खोटं कशाला बोलू, तिचा मला हेवा वाटला. तिच्याकडे पाहून दारं उघडत होती.

सभागृहाच्या दारात लांब लाल गालिचा अंथरला होता. सत्यशीलाबाई काठावर थबकली, चपला काढल्या आणि गालिच्याच्या बाजूबाजूनं मातीतून चालू लागली. स्वागताला उभी असलेली मुलगी धावत आली. “आजी, यावरून चला ना! तुमच्यासाठीच आहे.”

“कापड हाय ते, बाई. शिवनारं मानूस कापडावर पाय देत नसते.”

फोटोवाल्यांनी नट सोडले आणि कॅमेरे तिच्याकडे वळवले.

आतलं मी काय सांगू? दिवे गेले आणि पडद्यावर लाल कोट आला. आयुष्यभर मी छातीहून मोठं काही मोजलेलं नव्हतं. आणि इथे एकेक बटन बैलगाडीच्या चाकाएवढं! काजाचे टाके नांगरटीच्या तासांसारखे दिसत होते, एकापुढे एक, सरळ. एवढी मोठी तुरपाई, पण टाका कुठे वाकडा नाही. अंधारात सत्यशीलाबाईनं मला दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं. शेजारच्या अनोळखी बाईला ती कुजबुजली, “ते काज माहं हाय.” मला वाटलं, माझे साठच्या साठ इंच परत आलेत.

पण चौदा कोट अंगासारखे बसले होते आणि मधला पंधरावा लोंबकळत होता. पडद्यावर तो खांदा हातभर उतरलेला दिसत होता. बाईनं मान खाली घातली.

शेवटी नावं आली. ‘वेशभूषा : मंदार’, मोठ्या अक्षरांत. मग आभारांच्या भाऊगर्दीत, मुंगीएवढं, ‘स्थानिक शिवणकाम’. पुढे नाव नाही. आभानं ती यादी मुंबईवाल्यांवर सोपवली होती. सत्यशीलाबाई नावं संपून पडदा पांढरा होईपर्यंत बघत राहिली. अक्षरं स्वतः शिकलेल्या बाईला आपलं नाव वाचायचं होतं, बस.

पार्टीत मात्र मी पुन्हा हरखले. केवढी माणसं, काय कपडे! काहींची शिवण तर अशी की हात जोडावे. आणि एक गंमत. ही सगळी माणसं अशी उभी होती, जणू कोणी त्यांचं माप घेतंय. पोट आत, छाती पुढे, श्वास धरलेला. भेटली की आधी गळ्यातला पास वाचायची, मग चेहरा. गालाजवळ गाल न्यायचा आणि मुका हवेला द्यायचा. “बोलू, नक्की बोलू,” म्हणायचं आणि बोलताना नजर दुसऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे. खरे मोठे ते, ज्यांच्या गळ्यात पासच नव्हता. आयुष तर जवळून किती लहानखुरा! एवढ्याशा खांद्यांवर तो एवढा मोठा पडदा पेलतो, याचंच मला नवल वाटलं.

सत्यशीलाबाई ताटलीत भजी घेऊन उभी होती. तेवढ्यात एक परीक्षक मंदारला म्हणाले, “सिनेमा सुंदर. पण बॅण्डमास्तरचा कोट बसला नाही. पुढच्या वेळी शिंपी चांगला घ्या.”

मंदारनं हसून बोट दाखवलं. “या सत्यशीलाबाई. शिलाई यांची.”

बघा आता! मान द्यायच्या वेळी ती ‘स्थानिक’ होती. चूक निघाली तसं तिला नाव मिळालं.

आणि भांडण पेटलं. आभा धावत आली. परीक्षक जागीच थांबले. आयुष हातातला पेला घेऊन जवळ सरकला. इथवरचं तुम्ही ऐकलंच आहे.

“हे पाहा मावशी,” मंदारचा आवाज चढला, “मापं मी स्वतः घेतली होती. तीही तुमच्याच टेपेनं! मशीनवर पडली होती ना? मग माझं चुकेल कसं?”

सत्यशीलाबाईनं ताटली टेबलावर ठेवली, पदराला हात पुसले.

“कोनत्या टेपेनं?”

“ही काय, गळ्यातली.”

“धरली कुठून होती?”

“टोकापासून! टेप आणखी कुठून धरतात?”

तिनं मला गळ्यातून काढलं आणि माझं तुटकं टोक मंदारच्या तळहातावर ठेवलं. “वाच. पयला आकडा कोनता हाय?”

त्यानं डोळे बारीक केले. “दोन.”

“दोनच्या आंधी काय असते, बाबू?”

मंदारनं टोकावर अंगठा फिरवला. तिनं आयुषला खुणेनं बोलावलं. एवढा नट, पण शाळेतल्या पोरासारखा येऊन पाठ करून उभा राहिला. तिनं माझं टोक त्याच्या एका खांद्यावर ठेवलं आणि मला दुसऱ्या खांद्यापर्यंत ताणलं. “पाह्य, अठरा. तुह्या कागदावर काय होतं? अठरा. वरीसभर वाचून राह्यली मी तो कागद.” मग टिचकी मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “एक गेला. सतरा!”

चाळीस वर्षं पुटपुटलेला तो मंत्र पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटला गेला होता.

पण हरलेलं माणूस लगेच गप्प बसत नाही. मंदारचे कान लाल झाले होते. “अहो, मग अशी तुटकी टेप वापरताच कशाला? फेकून नाही का द्यायची?”

धावजी मास्तरचा ढीग माझ्या डोळ्यांपुढे आला. यावर सत्यशीलाबाई एकच वाक्य बोलली आणि भांडण संपलं. ते सांगतेच, आधी पुढचं ऐका.

ते वाक्य ऐकून मंदारनं मला नीट गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी तिच्या गळ्यात घातलं. माफी मागितली नाही, पण त्याचा श्वास सुटला, पोट बाहेर आलं. तीन दिवसांत त्या मांडवात दिसलेलं पहिलं खरं माप ते. आभानं नावांची पाटी बदलली. आता मंदारच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, सत्यशीलाचं नाव येतं. तिनं स्वतः वाचलं, दोनदा.

मी आता पुसदला तिच्या मशीनशेजारी खिळ्यावर असते. माझे आकडे पुसत चाललेत. चाळिशीच्या पुढचे तर तीच जाणे. मंदारनं पाठवलेली कोरी टेप डब्यात आहे. साठ इंची, दोन्ही पत्र्यांसकट. बाई ती उघडून बघते आणि मिटून ठेवते. तुम्हाला एवढीच विनवणी, की दुसऱ्याचं अवजार उचललंत, तर त्याच्या धन्याला एक शब्द विचारा. आणि तुटक्या वस्तूला चिंध्यांत टाकण्याआधी त्या दुपारी सत्यशीलाबाई मंदारला काय म्हणाली, ते आठवा.

“हिच्यात काय कमी हाय ते मले मालूम हाय, बाबू, नव्यात काय कमी निघन, ते कोनाले मालूम?”