तीन बोटांपुरतं

वैजनाथदादा माझा थोरला भाऊ. संगमनेरच्या कितीतरी पोरांना त्यानं पियानो शिकवला. मग नसांचा आजार झाला. उजवा हात पार गेला, डाव्याची तीन बोटं उरली. दादा रडत बसला नाही. तेवढ्या बोटांसाठी छोट्या छोट्या रचना करायला लागला; त्यांना तो 'अभ्यास' म्हणायचा. तेच तीन सूर पुन्हा पुन्हा, मध्ये भरपूर शांतता, आणि त्यातला एक सूर इतका हळू सरकतो की लक्ष नसेल तर कळणारही नाही. "आरती, हे वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला अवघड हाय बघ," म्हणायचा.

आता तिसरं बोटही कुरकुरत होतं. त्याला एकच हवं होतं: एक अभ्यास, एकदा, माणसांसमोर शेवटपर्यंत. कॉलेजच्या हॉलमध्ये जुना पियानो होता, तिथं कार्यक्रम ठरला. आधी मी त्याचा हात कोमट पाण्यात शेकला. तेवढ्यावर बोटं थोडा वेळ चालायची, मग लाकूड.

दादानं सुरुवात केली. तीन सूर. शांतता. तेच तीन सूर. आपल्याकडे तबला ठोकून सुरात लागेपर्यंत गप्पा मारायच्या असतात; इथंही सुरू झाल्या. तेवढ्यात तो सूर सरकला, आणि मला एकटीला हुंदका आला.

नेमक्या पुढच्या शांततेत सूत्रसंचालक कारभारी सर माईकवर आले. "सरांचं वाद्य जुळतंय, तवर आपण सत्कार उरकून घेऊ." मेल्याला मुहूर्त सापडला! शाल, फेटा, श्रीफळ. आधी प्राचार्य, मग माजी विद्यार्थी, मग कोण कुठले पाहुणे. दादा नको नको म्हणत होता. लोकांना तो विनय वाटला. हातात ठेवलेला नारळ घरंगळला, तेव्हा हसलेसुद्धा.

मी स्टेजवर धावले, माईक हिसकावला. "अहो, ते जुळवणं नव्हतं! तेच वाजवणं होतं!"

कारभारी सर गोरेमोरे झाले. "चुकलं आमचं, सर. करा पहिल्यापासून."

दादानं हात पट्ट्यांवर ठेवला. आता सगळे कानात प्राण आणून बसले होते. पहिला सूर आला. दुसरा आला. तिसरं बोट पट्टीवर होतं, पण खाली जात नव्हतं. दादाच्या कपाळावर घाम आला. लोकांना ती शांतता अभ्यासातलीच वाटली. कुणी खोकलंही नाही.

"आरती," दादा हळूच म्हणाला, "झाकण लाव."

मी लावलं. आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.