गुडघे टेकायचे नाहीत

"गुडघे टेकू नकोस, उभी राहा," मी नान्तोंगोला तिसऱ्यांदा बजावलं. सरावासाठी माझ्या गेलेल्या नवऱ्याचा कोट अंगात चढवून, घरातला पुरुष बनून मी तिचं मनगट धरलं होतं. सात वर्षांची पोर ती. आमच्याकडे पोरींनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायची रीत, त्यामुळे कोट दिसला की मोठं माणूस आलं असं समजून खाली बसायची.

मसाका गावच्या बाजारामागे, चर्चच्या पडवीत, मी अकरा वर्षं मुलांना कराटे शिकवते. मोठ्यांचं कराटे मुलांना जसंच्या तसं चालत नाही, म्हणून मी ते त्यांच्या मापाचं केलं. लाथा कमी केल्या. मनगट समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हिसडायचं, पायावर टाच हाणायची आणि मोठ्यानं बोंब मारायची. भारी खूश होते मी स्वतःवर.

नान्तोंगोची थोरली बहीण नाब्बोसा माझ्या हाताखालची सगळ्यांत तयार पोर. पाच महिन्यांपूर्वी तिचा सख्खा काका तिला भर बाजारातून घेऊन गेला, राजधानीत, कंपालात कुणाच्या तरी घरी कामाला ठेवायला. आईला विचारलंसुद्धा नाही. समोरच्या केळीवालीनं सगळं पाहिलं होतं. काका दिसताच पोरीनं रीतीप्रमाणे गुडघे टेकले, खुशाली विचारली, आणि त्यानं मनगट धरलं तशी खाली मान घालून निघाली. आता काकाचा पत्ता नाही आणि पोरीचाही नाही. मी सगळं शिकवलं होतं ते अनोळखी माणसासाठी. ओळखीचं माणूस माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

"मोठ्यांवर ओरडलं तर आई मारते," नान्तोंगो पुटपुटली.

तिची आई पडवीच्या पायरीवरच उभी होती. नाब्बोसा गेल्यापासून ती माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. ती पुढे आली आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. सगळ्या पोरी बघतच राहिल्या. आईनं लेकीपुढे गुडघे टेकल्याचं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

"ओरड गं बाई," ती म्हणाली. "नाही मारणार. कुणीही असू दे, मी असले तरी ओरड."

नान्तोंगोनं हात हिसडला आणि अशी किंकाळी फोडली की समोरचा शिंपी मशीन सोडून धावला. त्याच्यामागून केळीवाली आली, आणखी आठ-दहा माणसं आली. काय झालं, कुणी धरलं, म्हणून विचारू लागली.

आई अजून खालीच बसली होती. एकेकाच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "म्हणजे पोर ओरडली की ऐकू येतं तुम्हाला."

मी कोटाची बटणं लावली आणि पुढच्या पोरीला बोलावलं.